गट सातची साफसफाई

३ एप्रिल
‘सहपाठ’ या ऑनलाइन अध्ययन-मंचावर आज माझा प्रवेश निश्चित झाला. अभ्यासक्रम: सहयोगी अध्यापन. उद्दिष्ट: तो सर्वोत्तम रीतीने पूर्ण करून पुढील तुकडीचा गट-मार्गदर्शक होणे. मार्गदर्शकाला विद्यार्थी मिळतात. मुख्याध्यापक टिळे निवृत्त झाले, म्हणून शिक्षक टिळे निवृत्त झाले असे होत नाही.

आठ पानी संमतिपत्र आले. आपण मंचावर काय लिहितो, कोणाला उत्तर देतो, कोठे किती वेळ रेंगाळतो, ही सर्व विदा गोळा होऊन तिचे विश्लेषण होणार. (लोक ‘डेटा’ म्हणतात. म्हणोत.) आठही पाने वाचणारा मी बहुधा पहिलाच. चुका काढून मंचाला कळवल्या. पृष्ठ सहावर ‘पुसलेले संदेश विश्लेषणातूनही कायमचे वगळले जातील’ असे वाक्य आहे. ‘कायमचे’ऐवजी ‘कायमस्वरूपी’ अधिक भारदस्त, असे सुचवले. मग सही केली.

सौ. मंदाकिनी म्हणाली की, तुम्ही कुठे रेंगाळता आणि किती बोलता याची नोंद हवी होती तर मला सांगायचं, चव्वेचाळीस वर्षांची तयार आहे.

५ एप्रिल
माझा गट: क्रमांक सात. सदस्य चार. स्नेहल आहेर, देवळ्याच्या एका खाजगी शाळेत शिक्षिका. शब्द क्वचितच लिहिते, अंगठ्याचे चित्र पाठवते. वाल्मीक पगार, नामपूरचा, बोलणे अहिराणी. सकाळी कांदा मार्केटात व्यापाऱ्याकडे, संध्याकाळी स्वतःची शिकवणी. आशा गावित, सुरगाण्याच्या पलीकडील आश्रमशाळेत कंत्राटी शिक्षिका. चौथा मी.

चौघांनी मिळून इयत्ता चौथीसाठी एक पाठ रचायचा आहे. विषय: आठवडे बाजार. परंतु गुण पाठाला नाहीत. गुण आहेत ते चौघे एकमेकांशी कसे बोललो याला, आणि तो निर्णय विदा पाहून होणार. तरला तर सारा गट, बुडाला तर सारा गट.

आशाने लिहिले, “सर मला पास व्हावंच लागेल. शाळा उघडायच्या आत सर्टिफिकेट दिलं नाय तर माझ्या जागी दुसरी बाई घेतील.” मी तत्काळ उत्तर दिले: “निश्चिंत राहावे. गटात मी आहे. (‘नाय’ नव्हे, ‘नाही’.)”

तिच्याकडून पुढे काही आले नाही. निश्चिंत झाली असावी.

९ एप्रिल
एक महत्त्वाचा शोध. मंचावर आपण सक्रिय असलो की नावाजवळ हिरवा ठिपका पेटतो. काही मिनिटे हालचाल झाली नाही की विझतो. म्हणजे उपस्थितीचीही विदा!

संकल्प: सकाळी सात ते सायंकाळी सात ठिपका विझू न देणे.

अडचण: स्नान. मंदाकिनीला माउस हलवत बसण्यास सांगितले. ती म्हणाली की, तो दिवा विझला तर घरात सुतक लागणार आहे का? तरी बसली. परत येऊन पाहतो तो वाल्मीकच्या एका पाचकळ विनोदाला माझ्या नावाने खदखदून हसणारे तीन चेहरे! वाल्मीकने लिहिले आहे, “टिळे सर हासनात! आज पाऊस पडी.” खुलासा पाठवला. खुलाशाला उत्तर नाही.

उद्यापासून स्नान पहाटे.

१४ एप्रिल
पंचवटीत मेहुणीच्या नातवाचे बारसे. जाणे शक्य नाही. ठिपका.

वाल्मीकविषयी लिहिणे भाग आहे. हा मनुष्य रोज सकाळी विचारतो, “काय चालू शे मंडळी? जेवन झायं का?” सकाळी आठ वाजता! त्यावर स्नेहल लिहिते की, अजून डबाच भरतेय हो भाऊ. आशा लिहिते की, नागलीची भाकर झाली, आता डोंगरावर चढून तुम्हाला मेसेज करते, खाली रेंज नाय. मग वाल्मीक मार्केटातील कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेचे छायाचित्र टाकतो. स्नेहल अंगठा. आशा हात जोडलेले. असे तीस-तीस संदेश. आठवडे बाजाराचे नाव नाही.

मी मात्र विषयाला धरून आहे. आज ‘बाजार: व्युत्पत्ती आणि व्याप्ती’ हे टिपण सात भागांत पाठवले. वाचताना सगळे अंतर्मुख झाले असणार. दुपारपर्यंत कोणी एक अक्षर लिहिले नाही.

२० एप्रिल
मंचाने पहिला ‘संवाद-नकाशा’ पाठवला. प्रत्येक सदस्याचे एक वर्तुळ. ज्याचे शब्द जास्त त्याचे वर्तुळ मोठे. दोघांत उत्तर-प्रत्युत्तर चालू राहिले की दोन वर्तुळांत रेषा.

माझे वर्तुळ सर्वांत मोठे. इतरांची तीन मिळूनही त्यात मावतील. त्या तिघांमध्ये मात्र रेषांचा नुसता गुंता. माझ्या वर्तुळाला एकही रेषा नाही. किती स्वच्छ!

मंदाकिनीला दाखवले. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिले. म्हणाली की, हे तिघं गप्पा मारत बसलेत आणि शेजारी पाण्याची टाकी आहे, असं दिसतंय. तिला आकृत्या वाचण्याचा सराव नाही.

२७ एप्रिल
सिंहस्थाच्या कामासाठी आमच्या फाटकासमोर रस्ता खणला आहे. काल इंटरनेटची तार तुटली. फाटकावर फळी टाकली आहे. तीवरून माझ्या वयाच्या माणसाने जाऊ नये असे मुकादम म्हणाला. घरातून बाहेर नाही, मंचाच्या आत नाही. ठिपका सबंध दिवस विझलेला.

वरच्या मजल्यावरील पिंकी (अभियांत्रिकी, दुसरे वर्ष) म्हणाली की, आजोबा, हॉटस्पॉट देते, पण माझ्या स्टेटसमधल्या चुका काढायच्या नाहीत हं. अट मान्य केली. तासाभरात तिचे स्टेटस पाहण्यात आले. सायंकाळी हॉटस्पॉट बंद.

२९ एप्रिल
तार जोडली. माझ्या अनुपस्थितीत गटाने तीन दिवसांत पाठाचा निम्मा आराखडा तयार केला आहे. माझी शिस्त रुजली, हे यावरून सिद्ध होते. आराखड्यातील भाषा दुरुस्त करून सबंध आराखडा नव्याने लिहिला. आशाचे सुरगाण्याच्या बाजारातील करवंदवाल्या मुलींविषयीचे दोन परिच्छेद काढावे लागले. बोलीत होते.

४ मे
आनंदाची वार्ता. दर आठवड्याला गटाचा एक समन्वयक असतो. आता माझी पाळी. समन्वयकाला विषयबाह्य संदेश पुसण्याचा अधिकार आहे. तो आजवर कोणीही वापरलेला नाही!

वर्ग सोडताना फळा पुसून जायचा, ही माझी छत्तीस वर्षांची रीत. पुढच्या तासाच्या शिक्षकाला आदल्या तासाची घाण दिसता कामा नये. महिन्याअखेर विश्लेषक आमच्या गटाची विदा तपासणार. त्यांच्यासमोर काय ठेवायचे? “जेवन झायं का”? आशाची या गटावर भिस्त आहे. तिच्यासाठी तरी हे काम कोणी हाती घेतले पाहिजे.

सकाळी आरंभ केला. अंगठे गेले. हात जोडलेले गेले. कांद्याचे ट्रॅक्टर गेले. वाल्मीकचे विनोद गेले, त्यांवरचे हसणे गेले. स्नेहलच्या मुलीचा ताप गेला. आशाचे डोंगर चढणे गेले. दुपारचे जेवण टाळले. चहाच्या वेळेपर्यंत गट सात लखलखीत.

आता तेथे केवळ विषयाला धरून असलेले संदेश उरले आहेत. सर्व निर्दोष. सर्व माझे, असे आढळून आले.

६ मे
गटात पूर्ण शांतता. वर्गात शिक्षक शिरल्यावर होते तशी. मार्गदर्शकपदासाठी अर्ज भरला.

११ मे
विदा-विश्लेषक कु. निकिता यांचा व्हिडिओ-कॉल. माझ्या कार्याची दखल घेतली जाणार हे अपेक्षितच होते. कोट घातला.

मुलगी नम्र आहे. म्हणाली की, सर, गट सातच्या नोंदीत काहीतरी बिघाड झालाय असं आम्हाला वाटलं. महिनाभर एकच माणूस स्वतःशी बोलतोय, असं दिसतंय. मी तिला साफसफाईची कल्पना दिली. तिने मला ते पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली की, सर, तेच तर मोजायचं होतं. कोण कुणाची विचारपूस करतं, कुणाच्या बोलण्यावर कोण हसतं, अडलेल्याला कोण थांबून सांगतं. गट सातची रेषांची जाळी तुकडीत सगळ्यात दाट होती, आम्ही तिच्यावर डोळा ठेवून होतो.

मी विचारले की, पुसलेले परत आणता येईल काय? ती म्हणाली की, नाही, संमतिपत्रात पान सहावर आहे. ते वाक्य मला पाठ होते.

सध्याच्या विदेनुसार गट सात अनुत्तीर्ण. चौघेही.

१२ मे
पूर्ण विचारांती माझे मत असे की दोष रचनेचा आहे. जे पुसायचे नाही ते पुसण्याचा अधिकार द्यावा कशाला?

स्नेहलचा फोन. प्रथमच तिचा आवाज ऐकला. अंगठ्यावरून वाटते त्याहून पुष्कळ बोलते. वाल्मीकचाही आला. म्हणाला की, सर, तुम्ही आमना फळा पुसा नाही, आमनं घर झाडी टाकं, माणसंसकट. व्याकरण सुधारावे असे वाटले. सुधारले नाही. आशाला फोन केला. आवाक्याबाहेर.

मंदाकिनीने विचारले की, त्या पोरीच्या नोकरीचं काय आता? मी म्हणालो की, मार्ग काढतो आहे. ती म्हणाली की, तुम्ही काढू नका, दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

१४ मे
मार्ग निघाला. (काढला निकितांनी.) गटाला एक जादा आठवडा. पाठाचा शेवट चौघांनी नव्याने चर्चा करून ठरवायचा. मोजणी पुन्हा आरंभापासून. मात्र पुसण्याचा अधिकार काढून घेतला आहे, आणि एक अट: आठवड्याअखेर गटाच्या एकूण शब्दांत कोणा एकाचे दोन-पंचमांशाहून अधिक असता कामा नयेत. अट सर्वांना समान आहे. तरी व्हिडिओ-कॉलवर (आशा त्यात नव्हती) सांगताना त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

संकल्प: दिवसाला एक संदेश. तोही लहान.

१५ मे, दुपार
आज जादा आठवड्याचा पहिला दिवस. इतरांना संयमाचे महत्त्व पटवून देणे माजी समन्वयक या नात्याने अगत्याचे वाटले. ‘मितभाषण: एक विवेचन’ लिहिले. एका संदेशात मावेना. पंधरा भाग झाले. नंतर दोन शुद्धिपत्रे. मग तिघांच्या आजवरच्या लेखनाचा आढावा, प्रत्येकी एक परिच्छेद, भागशः.

१५ मे, सायंकाळ
स्नेहलचा फोन. म्हणाली की, सर, हात जोडते. मघापासून हिशोब करतेय. तुमचा आठवड्याचा वाटा तुम्ही दुपारच्या चहाच्या आत संपवलाय. आता आम्ही तिघांनी सहा दिवस मरमर लिहिलं तर कसंबसं बरोबरीला येईल. आता तुम्ही एक शब्दसुद्धा लिहू नका. ‘बरं’ पण नाही. मी तोंड उघडण्यापूर्वी म्हणाली की, आणि आशाताईला मी यातलं काही बोलले नाही, तिला उगाच धास्ती नको.

शब्द दिला. तो पाळीन. मौन हे तर माझे बलस्थान.

१७ मे
वाल्मीकने ‘प्रशिक्शन’ लिहिले. पाहिले. पाणी प्यालो.

स्नेहलने त्याला उत्तर देताना पुन्हा ‘प्रशिक्शन’च लिहिले. मुद्दाम असावे. सज्जात फेऱ्या मारल्या. खाली रस्ता तसाच खणलेला.

मंचावर येणे टाळावे, असे मंदाकिनी सुचवते. ते जमत नाही. लिहिता येत नाही आणि निघवत नाही. बारा तास तेथे बसून असतो. ठिपका हिरवागार.

१९ मे
पाठाचा शेवट कसा व्हावा, यावर वाद जुंपला आहे. वाल्मीकची कल्पना अशी की मुलांनी वर्गात बैलबाजार भरवावा. जुन्या बैलबाजारात सौदा मुक्याने होई: दोघे रुमालाखाली एकमेकांची बोटे धरत आणि भाव ठरवत, भोवतालच्यांना पत्ता लागू न देता. मुलांनी तसाच भाव करायचा, एक अक्षर न बोलता. आशा म्हणते की, लय भारी, आमची पोरं मराठी बोलायला लाजतात, बोटांना कशाला लाजतील? स्नेहलचे म्हणणे की, शाळा तपासायला साहेब आले आणि वर्ग मुका दिसला तर काय सांगायचं?

मी लहानपणी देवळ्याच्या बाजारात वडिलांबरोबर गेलेलो आहे. वडिलांच्या खांद्यावरून रुमालाखाली हलणारी बोटे पाहिलेली आहेत. कोणत्या बोटाचा अर्थ काय, अडत्या आपला अंगठा आत मुडपून कसा फसवायचा, हे या गटात केवळ मला ठाऊक आहे! वाल्मीक ऐकीव सांगतो आहे आणि अर्धे चुकीचे सांगतो आहे.

मंदाकिनीचा हात धरून, त्यावर नॅपकिन टाकून तिला ते सर्व दाखवले. ती म्हणाली की, इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं नाहीत. बराच वेळ हात सोडला नाही. मग कुकरची शिट्टी झाली.

२० मे
वाल्मीकने लिहिले, “टिळे सर, तुम्हीच सांगा आता. तुमना जमानातलं शे.” स्नेहलने फोनवर कानउघाडणी केली असावी; पाच मिनिटांत त्याने लिहिले, “राहू द्या राहू द्या. तुम्ही आराम करा.”

दीड महिन्यात या गटाने मला प्रथमच काही विचारले.

२१ मे, सकाळ
शेवटचा दिवस. स्नेहलचा निरोप: हिशोब अगदी काठावर आहे, माझा एक शब्दही गटाला बुडवील.

आशाने डोंगरावरून लिहिले, “सर तुम्ही रोज इथे दिसता, हिरवा दिवा असतो, पण बोलत नाय. आमच्यावर रागावलात का?”

‘नाही’ असे लिहिले. पाठवण्याच्या खुणेवर बोट नेले. काढले. शब्द पुसला. तिला फोन लावला. आवाक्याबाहेर. स्नेहलला लावला. उन्हाळी वर्गावर असावी. पुन्हा ‘नाही’ लिहिले. पुन्हा पुसला.

तोवर वाल्मीकने तिला परस्पर उत्तर दिले, “नाय ताई. सर झोपेल व्हतीन. वय व्हयनं.” तिने हसणारा चेहरा पाठवला.

मी जागा होतो. खुर्चीत ताठ बसून होतो.

२१ मे, दुपार
मुदत संपली. मंचावरील लेखन बंद. आता मला लिहिता येते, परंतु लिहिण्याची जागा उरलेली नाही.

३० मे
निकाल. गट सात उत्तीर्ण. आशाचे प्रमाणपत्र शाळेत पोहोचले. तिचा फोन आला. वाऱ्याचा घूं घूं आवाज, डोंगरावरच असणार. म्हणाली की, सर, नोकरी राहिली माझी. तुम्ही शेवटी गप बसलात ना, म्हणून आम्हाला बोलायचं सुचलं. रागावला नव्हतात ना? मी म्हणालो, “नाही.” तिला ऐकू गेले की नाही, सांगता येत नाही. तेवढ्यात फोन तुटला.

माझ्या मौनाचे अध्यापनमूल्य तिने अचूक ओळखले. पुढील तुकडीच्या मार्गदर्शकांची नावे उद्या.

३१ मे
वाल्मीक पगार.

९ जून
निकितांनी त्यांच्या शोधनिबंधाचा मसुदा पाठवला. विषय आमच्याच गटाचा. नियमानुसार सहभागींची नावे गुप्त राहतील. मी तेथे ‘सहभागी ४’. मी कळवले की माझे पूर्ण नाव छापण्यास माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. उत्तर आले की, तसे करता येत नाही. मग कळवले की माझी विदा वगळावी. उत्तर आले की, विश्लेषण पूर्ण झाल्यावर संमती मागे घेता येत नाही.

निदान भाषा तपासून द्यावी, म्हणून लाल पेन घेऊन बसलो. चाळीस पानांत माझ्यावर एकच वाक्य आहे: “सहभागी ४ गप्प झाल्यावर गटातील संवाद झपाट्याने वाढला.”

अनेक वेळा वाचले. कर्ता पाहिला, क्रियापद पाहिले, काळ पाहिला. मोठ्याने म्हणून पाहिले. मंदाकिनीने आतून विचारले की, काय हो, काही चुकलंय का त्यात?

नाही. एकही चूक सापडली नाही.